‘अकस्मात’ या शब्दाची तपासणी
(पंजाबातील खरड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या तरुणाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्याचे नाव फलकावर लिहू नये, अशी त्याच्या मातापित्यांची पहिल्या वर्षापासूनची इच्छा आहे, आणि ती मोडण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र सांगण्याची मुभा त्यांनी मला दिली आहे, की एकतिसाव्या वर्षी, एका रविवारच्या सकाळी, बॅडमिंटनच्या दुसऱ्या डावात शटल उचलण्यासाठी तो वाकला तो पुन्हा उभा राहिला नाही. आणि त्यानंतर जो सरकारी कागद त्यांच्या हाती आला त्यातील मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढे तीन शब्द लिहिलेले होते. ते वाक्य मी त्यांच्या घरी बसून वाचले तेव्हा मला मान वर करवेना. कारण लष्कराच्या वैद्यकीय सेवेतील माझ्या उमेदवारीच्या काळात हेच तीन शब्द मी स्वतः अनेकदा, अनेकांच्या कागदांवर, घाईने आणि निःशंक मनाने लिहिले होते. जो कोणी मरतो त्याची हृदयक्रिया बंद पडतेच. ते मरणाचे लक्षण झाले, कारण नव्हे. रकाना भरला म्हणून दप्तर समाधान पावते, आणि घरातला प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

महाराष्ट्रातील कोणत्याही पोलीस ठाण्यात अशा मृत्यूची वर्दी गेली, की ठाणे अंमलदार ज्या नोंदवहीत ती लिहितो तिला ‘अकस्मात मृत्यू’ असेच नाव आहे. पूर्वी ती कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमान्वये होई, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमान्वये होते; कलम बदलले, शब्द राहिला. या शब्दाची फोड आपण शाळेत केलेली असते आणि नंतर विसरलेली असते. ‘कस्मात्’ म्हणजे कशापासून, कोणत्या कारणाने. त्याआधी नकार लावला, की ज्याला ‘कशामुळे’ नाही ते ‘अकस्मात’. म्हणजे तरुण माणसाच्या मृत्यूला आपण जे विशेषण लावतो त्याच्या पोटातच, याचे कारण विचारू नका, असा हुकूम दडलेला आहे. आज मला या एका हुकुमाविरुद्ध फिर्याद मांडावयाची आहे.

ती मांडण्यास खरडइतके योग्य ठिकाण दुसरे नसावे. चंडीगड हे शहर कागदावर आखले जाण्यापूर्वी, ज्या गावांच्या जमिनीवर ते उभे राहिले ती गावे याच खरड तहसिलीत आणि तेव्हाच्या अंबाला जिल्ह्यात मोडत असत, हे पुष्कळांस ठाऊक असते. पण येथील जुन्या तळ्याला ‘अज सरोवर’ म्हणतात आणि स्थानिक परंपरा त्याचा संबंध रघुपुत्र अजाशी, म्हणजे श्रीरामाच्या आजोबांशी जोडते, हे आपल्यापैकी जे या गावात केवळ सदनिकांच्या भावामुळे येऊन राहिले त्यांच्या कानी क्वचितच आले असेल. परंपरेला पुरावा मागण्याचे हे स्थळ नव्हे. मला त्या नावाबरोबर कालिदासाच्या रघुवंशाचा आठवा सर्ग आठवतो एवढेच. अज आणि त्याची तरुण राणी इंदुमती उपवनात विहार करीत असता, गोकर्णाकडे आकाशमार्गाने निघालेल्या नारदाच्या वीणेवरील दिव्य पुष्पांची माला वाऱ्याने उडते, इंदुमतीच्या वक्षावर पडते, आणि ती तत्क्षणी गतप्राण होते. तरुण आणि निरोगी माणसाच्या अचानक मरणाचे याहून जुने आणि याहून अचूक वर्णन आपल्या वाङ्मयात मला माहीत नाही, कारण अशा मरणाचे सारे क्रौर्य त्यात आहे: निमित्त फुलाइतके हलके, आणि परिणाम न फिरणारा. अज विलाप करतो त्याचा गाभाही हाच प्रश्न आहे, की फुलाने माणूस मरतो कसा. मग यज्ञदीक्षेत असलेले वसिष्ठ शिष्याकरवी उत्तर पाठवितात, की ती मूळची अप्सरा होती, तृणबिंदू ऋषींच्या शापाने मानवयोनीत आली होती आणि स्वर्गीय पुष्पांचे दर्शन हाच तिचा उःशाप होता. अजाचे त्या उत्तराने समाधान होत नाही. मुलगा जाणता होईपर्यंत आठ वर्षे तो कशीबशी काढतो आणि पुढे गंगा-सरयूच्या संगमावर देह ठेवतो. शापाची कथा ऐकूनही ज्याचे दुःख शमले नाही, त्या राजाबद्दल मला वैद्य म्हणून फार आदर वाटतो.

शाप सांगणारे मात्र प्रत्येक युगात असतात. इसवी सन १७०५ आणि १७०६ या दोन वर्षांत रोम शहरात धडधाकट दिसणारी माणसे चालता-बोलता मरू लागली, लोकांत घबराट पसरली आणि नाना तर्क चालू झाले, तेव्हा अकरावा क्लेमेंट या पोपने आपला राजवैद्य जोव्हानी मारिया लान्चिसी याला तपास करण्याची आज्ञा दिली. आणि त्याने बाजारातल्या तर्कांचा परामर्श घेत न बसता प्रेते उघडून पाहिली. कोठे हृदय फुगलेले, कोठे झडपा बिघडलेल्या, कोठे मेंदूत रक्त साकळलेले, असे जे जे आढळले ते त्याने १७०७ साली आकस्मिक मृत्यूंविषयीच्या आपल्या लॅटिन ग्रंथात लिहून ठेवले. कोणतीही गूढ साथ आलेली नव्हती. जे रोग शरीरात आधीपासून मुक्कामाला होते त्यांनीच ती माणसे नेली होती.

तीनशे वर्षांनंतर आपल्याकडे तेच घडले. २ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबईत अभिनेता सिद्धार्थ शुक्ला चाळिसाव्या वर्षी गेला, त्याच वर्षीच्या २९ ऑक्टोबरला बंगळुरात पुनीत राजकुमार शेहेचाळिसाव्या वर्षी गेला, आणि मग व्यायामशाळेत, गरब्यात, लग्नाच्या वरातीत कोसळणाऱ्या तरुणांची चित्रे हातोहाती फिरू लागून घरोघरी एकच निदान ऐकू येऊ लागले, की ही कोविडच्या लशीची करणी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील साथरोग संस्थेने मग एकोणीस राज्यांतील ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने, अठरा ते पंचेचाळीस वयाच्या, वरकरणी निरोगी असता अचानक मृत्यू पावलेल्या ७२९ व्यक्तींची, त्याच वयाच्या आणि त्याच परिसरातील २,९१६ जिवंत व्यक्तींशी तुलना केली. तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला: लशीने अशा मृत्यूचा संभव वाढत नव्हता, दोन मात्रा घेतलेल्यांत तो उलट कमी दिसत होता. संभव वाढविणाऱ्या गोष्टी निराळ्याच निघाल्या. पूर्वी कोविडमुळे रुग्णालयात राहावे लागलेले असणे, कुटुंबात कोणी असेच अचानक गेलेले असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत बेसुमार मद्यपान किंवा अमली पदार्थ, आणि त्याच दोन दिवसांत शरीराला न झेपणारा जबर व्यायाम. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की एका प्रकारच्या लशीनंतर पहिल्या काही आठवड्यांत, अतिशय विरळा, मेंदूच्या नीलांत रक्त गोठल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. ती कोणी लपवू नयेत. परंतु आज, इतक्या वर्षांनी, एखादा मुलगा ट्रेडमिलवर कोसळला तर त्याचे खापर तेथे फोडणे म्हणजे तृणबिंदूचा शाप पुन्हा बाहेर काढणे होय. आणि शाप एकदा मान्य केला, की त्याच्या भावाचा रक्तदाब मोजण्याचे कोणाला सुचत नाही.

आता मी हृदयाकडून मेंदूकडे येतो, कारण तेथे मला अधिक सांगावयाचे आहे.

पक्षाघाताला आपल्या खेड्यांत ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. येथे पंजाबात ‘अधरंग’ म्हणतात. आपल्या वाक्प्रचारातला हा वारा आणि ती माला उडविणारा वारा, दोन्ही बाहेरून येतात. माणसाच्या मनाला आघात बाहेरूनच हवा असतो. वास्तविक १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने अशा रोग्यांच्या मेंदूत फुटलेली रोहिणी आणि सांडलेले रक्त दाखवून दिले, तेव्हापासून हा वारा आतलाच आहे हे विद्वानांस माहीत आहे. रोहिणी तुंबते किंवा फुटते. तुंबण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक. आणि हा म्हातारपणाचा आजार असे जे आपण गृहीत धरतो तेही अर्धेच खरे, कारण आपल्या देशातील रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर पक्षाघाताच्या शंभर रुग्णांत सामान्यतः दहा ते पंधरा पंचेचाळिशीच्या आतले असतात.

त्यांपैकी एक आज या सभागृहात, दुसऱ्या रांगेत, बसला आहे, आणि त्याच्या संमतीने मी त्याची हकीकत सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा मुलगा, वय बावीस, येथून जवळच्या विद्यापीठात शिकतो आणि खरडमध्ये तीन मित्रांबरोबर पीजीत राहतो. गेल्या वर्षीच्या एका संध्याकाळी तो केस कापावयास गेला. केस कापून झाल्यावर कारागिराने डोक्याला तेल चोळले आणि दोन्ही तळहातांत हनुवटी व कवटी धरून मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, अशी कडाडून फिरविली. हे त्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट मिळते आणि आपल्यापैकी अनेक पुरुषांनी ते सुख घेतले असेल. रात्री त्याच्या मानेची उजवी बाजू आणि कानामागचा भाग दुखत होता. उशी चुकली असेल असे त्याला वाटले. सकाळी तो उठला, दाढी केली, आणि सहा बेचाळीसला आईला फोन केला. चार मिनिटे बोलला, स्वच्छ बोलला. सातच्या सुमारास तो स्नानगृहातून खोलीत आला तेव्हा त्याच्या उजव्या पायात चप्पल होती आणि डावी चप्पल दाराशीच राहिली होती.

ती चप्पल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पायातून चप्पल निसटली आणि पायाला ते कळले नाही, एवढ्या लहान गोष्टीत सारे निदान होते. मित्राने ती पाहिली, हसून उचलून आणून दिली. मग चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळला. मग शब्द जड झाले. घरमालकीण वर आली, तिने मायेने त्याच्या डोक्यावरून हात फिरविला, गॅस चढली आहे असे सांगून ओव्याचे पाणी दिले आणि त्याला झोपू द्या म्हणाली. मित्रांपैकी जो मराठी होता त्याचेही मत, “पित्त झालंय, झोप जरा,” असेच पडले. तो झोपला. तो जागा झाला तेव्हा डावा हात अंथरुणावरून उचलत नव्हता, आणि साडेअकरा वाजून गेले होते. आईजवळ माझा क्रमांक होता. तिने गावाहून मला फोन केला आणि एकच वाक्य बोलली: “डॉक्टरसाहेब, सकाळी तर चांगला बोलला हो माझ्याशी.”

त्या माउलीला कल्पना नव्हती, की साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा तिच्याजवळ होता. पक्षाघातावरील उपचार घड्याळाशी बांधलेले आहेत, आणि ते घड्याळ लक्षण दिसले तेव्हापासून न धरता, रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला त्या क्षणापासून धरतात. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिले तर अधिक रोगी पूर्ववत होतात, हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले, आणि २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. या मुलाचा शेवटचा निर्विवाद क्षण फोनच्या नोंदीप्रमाणे सहा वाजून शेहेचाळीस मिनिटांचा. मुदत सव्वाअकराला संपली. तो ओव्याचे पाणी पिऊन झोपला होता, तेव्हा ती संपली. मोठी रोहिणी तुंबली असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर ओढून काढण्याची क्रिया आता निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही करता येते, पण याची गुठळी फुटून लहान फांदीत गेली होती, जेथे नळी पोचत नाही. मानेतील उजव्या रोहिणीचे आतले अस्तर फाटले होते, तेथे रक्त साकळले होते, आणि तेथूनच तो तुकडा वर गेला होता. अशा आघातात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. मी त्या मुलाच्या झोपेच्या मिनिटांना त्या आकड्याने गुणले नाही, आणि त्याच्या आईलाही गुणू दिले नाही.

आज तो चालतो, बोलतो, परीक्षा देतो. सदऱ्याची बटणे मात्र त्याचा मित्र लावतो, तोच ज्याने चप्पल उचलली होती. या मित्राला मी येथे सर्वांसमक्ष सांगू इच्छितो, की त्याचा काहीही अपराध नव्हता. ओठाचा एक कोपरा उतरला, एक हात जड झाला, बोलणे लटपटले किंवा अचानक तोल गेला, यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी घड्याळ पाहावे, वेळ कागदावर लिहावी, १०८ ला फोन करावा आणि जेथे डोक्याचे सीटी स्कॅन तत्काळ होते अशाच रुग्णालयात जावे, हे त्याला कोणत्याच शाळेने, कोणत्याच वडीलधाऱ्याने शिकविलेले नव्हते. आपण आपल्या मुलांना साप चावल्यावर काय करावे ते सांगतो. चप्पल निसटल्यावर काय करावे ते सांगत नाही. उलट कबुतराचे रक्त चोळणारे वैदू अजूनही आपल्याकडे आहेत आणि येथेही आहेत, आणि रोग्याची पहिली फेरी पुष्कळदा त्यांच्याकडेच होते.

या साऱ्या शहराच्या आणि पैशाच्या गोष्टी आहेत, असे कोणी म्हणेल. मी त्याला आपल्या दारावरून रोपडकडे आणि पुढे बिलासपूरकडे जाणारा रस्ता दाखवीन. त्या रस्त्याच्या वरच्या टोकाला जो हिमाचल प्रदेश आहे, तेथे मेंदुरोगतज्ज्ञ बोटावर मोजण्याइतके आणि डोंगर अगणित. तरी २०१४ पासून तेथील जिल्हा रुग्णालयांतील साध्या वैद्यांनी सीटी स्कॅनचे चित्र फोनवरून शिमल्याच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडे पाठवावे, त्यांनी तेथून सल्ला द्यावा, आणि राज्याने विनामूल्य पुरविलेले गुठळी विरघळविणारे औषध त्याच ठिकाणी टोचले जावे, अशी व्यवस्था त्या राज्याने उभी केली. आपण खरडकर तर १९६२ पासून ज्याला सारा उत्तर हिंदुस्थान पीजीआय म्हणून ओळखतो त्या संस्थेपासून वीस किलोमीटरांच्या आत राहतो. डोंगरावर जे साधते ते येथे ओव्याच्या पाण्यापाशी अडते, याचे मला दुःख होते.

तरुणांच्या पक्षाघाताची कारणे मोजावयास बसलो तर रात्र होईल. मान मुरगळण्याचे सांगितलेच. संधिवाताच्या तापाने लहानपणी बिघडलेली हृदयाची झडप हे आपल्या गरिबीचे जुने कारण, अजून संपलेले नाही. तंबाखू, सिगारेट यांविषयी काही सांगावयास नको. परंतु एक कारण असे आहे की ज्याविषयी पुरुष व्याख्याते बोलत नाहीत, म्हणून मी थांबून बोलतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्त्रीचे रक्त स्वभावतःच लवकर गोठणारे असते. निसर्गाने प्रसूतीतील रक्तस्रावापासून तिचे रक्षण केलेले असते. त्यात जर तिला तहान लागली असता पाणी नाकारले, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीलांत ते गोठू शकते. येथून फार दूर नसलेल्या रोहतकच्या डॉ. बन्सल यांनी १९८० साली आणि मदुराईच्या डॉ. श्रीनिवासन यांनी १९८३ साली अशा स्त्रियांचे मोठमोठे समुच्चय प्रसिद्ध केले. एकट्या मदुराईच्या लेखात १३५ रुग्ण होत्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, पोट सुटते, अशी समजूत आमच्या घाटावरच्या घरांत होती, माझ्या आजीची होती, आणि ती पंजाबी घरांतही मी ऐकली आहे. बाळंतीण डोके धरून बसली, उलट्या करू लागली, तिला झटका आला, की घरात ‘बाहेरचं’ काही झाल्याची कुजबुज सुरू होते. वास्तविक ही अशी पक्षाघाताची जात आहे की जी वेळेवर ओळखली आणि रक्त पातळ करणारे औषध दिले तर रोगी पुष्कळदा पूर्ण बरी होते. खोलीत अंधार करून तिला निजवून ठेवू नका. तिला पाणी द्या आणि रुग्णालयात न्या.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव येथे घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. त्यांनी पुण्याच्या आणि आसपासच्या खेड्यांतील मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. आणि ते कमी झाले की रक्तात जो होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो, त्याचा रक्त गोठण्याशी संबंध आहे. याच याज्ञिकांनी २००४ साली जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे एक छायाचित्र छापले. दोघेही सडपातळ, उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३, परंतु इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या शरीरात २१.२ टक्के. ‘माझा मुलगा काटक आहे, त्याला कसले ब्लडप्रेशर’ असे जी आई मला सांगते, तिला मी हे छायाचित्र दाखवितो.

आणि रक्तदाब हाच या साऱ्या फौजेचा सरदार आहे. बत्तीस देशांतील रुग्णांच्या अभ्यासात २०१६ साली असे आढळले, की पक्षाघाताच्या संभवाचा नव्वद टक्के हिशेब दहा गोष्टींनी लागतो, आणि त्या दहांत सर्वांत वजनदार उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही. पंचविशीच्या माणसाने तो मोजून घेण्याची आपल्याकडे चाल नाही, आणि ज्या दिवशी तो प्रथम मोजला जातो त्या दिवशी पुष्कळदा रोगी स्ट्रेचरवर असतो.

ज्याच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्याच्याकडे परत येतो.

त्याच्या मृत्यूच्या वेळी शवविच्छेदनाचा प्रश्न निघाला होता. नातलगांनी सांगितले, गेला तो गेला, आता चिरफाड कशाला, मातीची हेळसांड नको. आणि पंचनाम्याच्या कागदावर कोणाविरुद्ध तक्रार नसल्याचे लिहून देह ताब्यात घेतला गेला. मी तेथे असतो तर मीही कदाचित गप्प राहिलो असतो. त्या क्षणी आईवडिलांपुढे बोलण्याचे बळ कोणात असते? दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीला नृत्याच्या सरावात घेरी आली. सोनोग्राफीने तिचे हृदय तपासले, तेव्हा दोन कप्प्यांमधील भिंत नको तितकी जाड निघाली. हा विकार १९५८ साली लंडनच्या डोनाल्ड टीअर या न्यायवैद्यकातील शवविच्छेदकाने प्रथम नीट वर्णिला. त्याने तपासलेल्या आठ जणांपैकी सात अचानक मेलेले होते, आणि बहुतेक ऐन तारुण्यातले होते. टीअर हा रोग्यांना बरे करणारा वैद्य नव्हता. तो न्यायालयासाठी प्रेते तपासणारा माणूस होता, आणि त्याच्या टेबलावरून निघालेल्या त्या एका निबंधाने पुढे जिवंत भावंडांना वाचविण्याचा मार्ग दाखविला, कारण हा विकार घराण्यातून उतरतो. आपल्या देशात त्याच जातीचा एक जनुकीय दोष शंभरांपैकी सुमारे चौघांत असल्याचे हैदराबादच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले. त्यातील बहुतेकांना तरुणपणी काहीच त्रास होत नाही, पण हृदयविकार घरात चालत येतो याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

ती बहीण आज औषधे घेते, तिच्या छातीत बिघडलेला ताल सुधारणारे यंत्र बसविले आहे, आणि मागील ओळीत, आपल्या आईशेजारी, ती बसली आहे. भावाचे कारण त्या रविवारी कळले असते, तर तिची तपासणी दोन वर्षे आधी झाली असती. दैवाने ती दोन वर्षे तिला सुखरूप पार केली. पण ती दैवावर सोडलेली होती, हे तिच्या वडिलांनी मला स्वतः सांगितले, आणि व्याख्यानात सांगा असेही तेच म्हणाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अलीकडे अचानक मेलेल्या तरुणांची जी शवविच्छेदने अभ्यासली गेली, त्यांत सर्वांत मोठा वाटा हृदयाच्या रोहिण्या तुंबण्याचा निघाला, आणि कित्येक प्रकरणी सारे तपासूनही कारण हाती लागले नाही. ‘कस्मात्’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच असे नाही. पण जेथे न विचारता रकाना भरला जातो, तेथे दुसऱ्या भावंडाच्या वाट्याला तो प्रश्न पुन्हा येतो.

बॅडमिंटनच्या त्या मैदानावर बाराजण होते. सर्व शिकलेले, सर्व त्याचे स्नेही. त्यांनी पाणी मारले, तळवे चोळले, कांदा हुंगवला, गाडी आणली. छातीवर हात कोणी ठेवला नाही. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील तिघांनी, छाती न उघडता केवळ दोन हातांनी दाबून थांबलेले अभिसरण चालू ठेवता येते, हे दाखवून दिले. त्याला आता साठाहून अधिक वर्षे लोटली. २०२३ च्या जानेवारीत चंडीगडच्या हाउसिंग बोर्डाच्या कचेरीत आलेला एक माणूस खुर्चीतच निश्चेष्ट झाला, तेव्हा जवळच असलेल्या आरोग्य सचिवांनी त्याची छाती दाबली आणि तो शुद्धीवर आला. ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती की नाही यावर पुष्कळ वाद झाला. मला त्या वादात रस नाही. त्यांनी हात लावला, एवढे मला पुरे आहे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवावी, दुसरा हात त्यावर ठेवावा, कोपर ताठ, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि मदत येईपर्यंत थांबू नये. थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. आज येथे बसलेल्या प्रत्येकाने घरी जाण्यापूर्वी बाहेरच्या पडवीत ठेवलेल्या पुतळ्यावर दोन मिनिटे हे करून पाहावे. दुसऱ्या मिनिटाला दंड भरून येतात, म्हणून दोघांनी आळीपाळीने करावे.

त्याच पडवीत एक मेज मांडलेले आहे आणि त्यावर रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे आहेत. ज्येष्ठांनी कृपा करून थोडे मागे थांबावे. प्रथम तिशीच्या आतल्यांनी यावे. चहा नंतर घ्यावा. पाच मिनिटे खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे, बाही दंडापर्यंत वर करावी, आणि घरात पन्नाशीच्या आत अचानक कोणी गेले असेल, तर त्याचे नाव, नाते आणि वय समोरच्या वहीत लिहावे. वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद त्याच्या बहिणीने आपल्या हाताने केलेली आहे.